बाबांना हार्ट फेल्युअरच्या ट्रायलमध्ये घालावं का?

सांजवात
नमस्कार. इतकी वर्षं नुसती वाचतेय, आज अडलं म्हणून धागा काढला.

माझे बाबा ६७ वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरवाड्यांत सायकलवर आणि पायी टपाल वाटलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, पण हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला होता, त्यामुळे हृदयाचा बराच स्नायू गेला तो गेलाच. परवाच्या टू-डी इकोत पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, २८ टक्के आलं. रात्री तीन उशा लागतात. संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि तो भरून येईपर्यंत मी मनात आकडे मोजत बसते. सकाळी चहाच्या आधी वजन करून कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं, हे मात्र त्यांनी एक दिवस चुकवलेलं नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांनी सुचवलंय की एका नव्या गोळीची ट्रायल चालू आहे आणि बाबा निकषांत बसतात. चालू औषधं तशीच राहणार, वर ही एक गोळी. ती खरी की प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी), हे आम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. दादा म्हणतो, "बापावर प्रयोग करू देणार नाही." आई म्हणते, डॉक्टर सांगतायत तर ऐकावं. मी मधल्या मध्ये. पुढच्या गुरुवारी बोलावलंय.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? आणि हे सगळं करतं कोण, पैसा कुणाचा, फायदा कुणाचा, तेही कुणी नीट समजावून सांगा.

गोटीराम
बाबांना लवकर आराम पडो. ट्रायलचा अनुभव नाही. पण "हार्ट फेल" या नावाने आमच्या घरी गोंधळ झाला होता. आजोबांच्या डिस्चार्जच्या कागदावर ते वाचून आत्याने रडत रडत सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. आजोबा तेव्हा तिच्या शेजारी बसून पोहे खात होते! पुढे सहा वर्षं खाल्ले.

शंकासुर
फेल म्हणजे बंद पडणंच ना? मग अटॅक वेगळा कसा?

डॉ_अश्वत्थ
वेगळा. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद होते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय. मग पाणी मागे साचतं, फुफ्फुसात आणि पायांत. अटॅकनंतर उरलेल्या कमजोर स्नायूमुळे हे होतं. आपल्याकडचं ते सगळ्यात मोठं कारण आहे.

सांजवात, ट्रायलचं नंतर बघू. आधी सांगा, बाबांना चारही गटांची औषधं चालू आहेत का? सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन किंवा त्याऐवजी एनालाप्रिल-रॅमिप्रिलसारखं काही, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनच्या गटातली गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, म्हणजे डापा किंवा एम्पा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) पैशातून भारतभर हार्ट फेल्युअरची नोंदवही झाली, २१ राज्यांतली ५३ रुग्णालयं, दहा हजारांवर रुग्ण. कमी पंपिंगवाल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना ही मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणेची औषधं पुरती लिहून दिलेली होती. आणि ९० दिवसांत १४ टक्के रुग्ण दगावले. मी जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो, हे आकडे मला रोज ओपीडीत दिसतात.

आता ट्रायलबद्दल. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियात २५३ अत्यवस्थ रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी झाली. तोवर हार्ट फेल्युअरमध्ये सूज उतरवण्यापलीकडे डॉक्टरच्या हातात फार काही नव्हतं. मृत्यू इतके घटले की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनने १,६६३ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी खाली आणलं. तीही आधीच थांबवली.

बीटा ब्लॉकरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. हे औषध हृदयाची गती कमी करतं, म्हणून कमजोर हृदयाला ते द्यायचं नाही असं आम्हाला पाठ करून घेतलं जायचं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ साली मोजक्या रुग्णांना देऊन सुधारणा दाखवली, आणि कुणी विश्वास ठेवेना. मोठ्या चाचण्या होऊन शंका फिटायला १९९९ उजाडलं. मधली जवळजवळ पंचवीस वर्षं जगभरचे रुग्ण या औषधाविना राहिले.

सांजवात
धन्यवाद डॉक्टर. चारही चालू आहेत, आत्ताच पाकिटं समोर घेऊन ताडून पाहिली. पण डापा ही साखरेची गोळी ना? बाबांना डायबेटिस नाही. केमिस्टनेही हेच विचारलं होतं, तेव्हापासून आई ती गोळी देताना दर वेळी कुरकुर करते.

डॉ_अश्वत्थ
आईंना सांगा, गोळी बरोबर आहे. तिची कूळकथाही ऐकवा. मधुमेहाच्या एका औषधावर हृदयाला घातक असल्याचा संशय आला, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये फर्मावलं की साखरेच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला इजा होत नाही हे सिद्ध करा. कंपन्या नाखुशीने कामाला लागल्या. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा निकाल आला, इजा सोडाच, हार्ट फेल्युअरसाठी भरती होणंच ३५ टक्क्यांनी घटलं होतं. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग २०१९ मध्ये डापाची खास हार्ट फेल्युअरची चाचणी झाली, २० देशांत ४,७४४ रुग्ण, आपला देशही त्यात होता. मधुमेह असो वा नसो, फायदा सारखाच.

खडूस_नाना
डॉक्टर, तुम्ही यशोगाथाच सांगताय. दुसरी बाजू मी सांगतो. आपल्याकडे निरक्षर माणसांचे अंगठे घेऊन ट्रायल झाल्या आहेत, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये संमतीचं चित्रीकरण करायला सांगावं लागलं. उगाच नाही. माझ्या मेहुण्याला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ट्रायलमध्ये घेतलं. संमतीपत्र २२ पानी आणि इंग्रजीत. "इथे, इथे आणि इथे सही करा", पाच मिनिटांत काम उरकलं. ट्रायल संपल्यावर गोळी बंद. बाजारात आली तेव्हा किंमत ऐकून आम्ही परत आलो. ज्याच्या शरीरावर औषध सिद्ध झालं त्यालाच ते परवडू नये? सांजवात, तुझ्या दादाची भीती खोटी नाही.

शंकासुर
नानांशी सहमत.

कोथिंबीर
मी पुण्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, बारा वर्षं हेच काम. नाना, तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीत घडलं ते चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. इंग्रजी येत नसलेल्या माणसाकडून इंग्रजी कागदावर सही घेणं ही संमतीच नाही.

पण २०१९ पासून नवे नियम आहेत आणि ते माहीत असले की माणूस ठामपणे बोलू शकतो. सांजवात, गुरुवारी हे कर. मराठी माहितीपत्रक माग आणि घरी घेऊन ये. तिथल्या तिथे सही करायची नाही. ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक विचार. सीटीआरआय म्हणजे चाचण्यांची सरकारी नोंदवही. २००९ पासून देशातल्या प्रत्येक चाचणीची त्या सरकारी संकेतस्थळावर नोंद सक्तीची आहे, मोबाईलवर उघडून बघता येते, प्रायोजक कोण तेही तिथे लिहिलेलं असतं. ट्रायलमधल्या माणसांचे हक्क जपणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या अध्यक्षांचा फोन माहितीपत्रकावर असतोच. समितीत निदान सात जण असावे लागतात, त्यात एक कायदा जाणणारा आणि एक तुमच्याआमच्यासारखा सामान्य माणूस. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च प्रायोजकाचा. मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे, मूळ आठ लाख धरून वय आणि आधीच्या आजाराची जोखीम यांवरून रक्कम निघते. आणि नानांचा मुद्दा सगळ्यात कळीचा: संपल्यावर औषध मिळणार का? हे आधी विचार आणि उत्तर लेखी घे.

बाबांना कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. त्याने पुढच्या उपचारात फरक पडता कामा नये.

खडूस_नाना
हे नीट सांगितलंत. लेखी घेण्याचं विशेष पटलं. औषधाच्या किमतीचं मात्र उत्तर आलं नाही.

डॉ_अश्वत्थ
किमतीचं उत्तर अर्धं काळाने दिलंय. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनच्या चाचणीत ८ हजारांवर रुग्ण होते, २०१४ मध्ये निकाल आला, पण माझे शेतकरी रुग्ण ते घेऊ लागले २०२३ नंतर, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यावर. एम्पाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहाच्या आत आली. म्हणजे शोध लागला तरी माझ्या ओपीडीत पोचायला नऊ-दहा वर्षं. त्या काळात "डॉक्टर, ही महागाची नको" म्हणणारे किती जण गेले, त्यांचे चेहरे आठवतात.

रेवा_बॉस्टन
पैशाबद्दल थोडं. फ्रेमिंगहॅम माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे. १९४८ मध्ये सरकारी पैशातून त्या गावातल्या ५,२०९ धडधाकट लोकांना दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात झाली. विकायला काही नव्हतं, नुसतं लक्ष ठेवायचं होतं. त्यातून कळलं की उच्च रक्तदाब हळूहळू हार्ट फेल्युअरकडे नेतो. असं काम कंपनी कशाला करेल?

ताजं उदाहरण जर्मनीचं आहे. डिजिटॅलिस हे हृदयाचं औषध इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये लिहून ठेवलेलं, इतकं जुनं आणि स्वस्त की त्यावर खर्च करायला कुणी तयार नसतं. याच कुळातल्या डिगॉक्सिनच्या १९९७ च्या मोठ्या चाचणीत भरती होणं घटलं पण मृत्यू घटले नाहीत, आणि ते मागे पडलं. जर्मन सरकारने पैसा घातला म्हणून त्याच कुळातल्या डिजिटॉक्सिनची १,२१२ रुग्णांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली. २०२५ मध्ये निकाल आला, मृत्यू किंवा भरती यांचं एकत्रित प्रमाण खरोखर कमी झालं. म्हणून म्हणते, नाना, राग कंपन्यांवर काढून भागायचं नाही. सरकारकडे मागायला हवं.

अभियंता
रेवाताईंना अनुमोदन. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. ५०,००० कोटींचं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान २०२३ च्या कायद्याने आलं, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. हृदयाच्या वाट्याला किती येतं ते आपण विचारत राहायला हवं.

पण पैसा दिला आणि धीर धरला तर काय होतं त्याचा नमुना आपल्याच देशात आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची कृत्रिम झडप करायला घेतली. पहिली तीन मॉडेलं फसली. एकात तर नीलमण्याची चकती वापरली होती, ती फुटली. चौथ्या मॉडेलला साध्या पॉलिथिलीनच्या एका चिवट प्रकाराची चकती बसवली आणि ती टिकली. ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रुग्णाला बसवली, आजवर एक लाखाहून जास्त लोकांच्या छातीत ती टकटकतेय. तिसऱ्या अपयशानंतर कुणी फाईल बंद केली असती तर?

वर्षा_परभणी
त्या टकटकीतली एक माझ्या मावशीची आहे. रात्री तिच्याजवळ झोपलं की घड्याळासारखा आवाज येतो. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याने झडप खराब झाली आणि तिशीत दम लागून हार्ट फेल्युअर.

मला वेगळंच म्हणायचंय. तुम्ही सगळे ज्या ट्रायल सांगताय त्यात माझ्या मावशीसारख्या बायका किती असतात? आमच्या भागातून ट्रायलच्या गावाला जायचं तर एक दिवस मजुरी बुडते, सोबतीच्या माणसाचीही बुडते. मी आशांच्या गटाबरोबर काम करते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला रोज वजन करायला सांगतात आणि अर्ध्या घरांत वजनकाटाच नसतो. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवा हे सांगायला आम्ही दोन घरांत मिळून एक काटा ठेवला. हेही संशोधनच मानायला हवं, यालाही पैसा मिळायला हवा.

डॉ_अश्वत्थ
वर्षाताई, शंभर टक्के. २०२२ मध्ये स्ट्राँग-एचएफ नावाची चाचणी आली, त्यात नवं औषध एकही नव्हतं. भरती झालेल्यांना घरी सोडल्यावर लगेच, वरचेवर बोलावून, दोन आठवड्यांत जुन्याच औषधांचे पूर्ण डोस गाठले. एवढ्यानेच सहा महिन्यांतले मृत्यू आणि पुन्हा भरती होणं इतकं घटलं की चाचणी मध्येच थांबवली. काट्याची आणि वेळेवर बोलावण्याची किंमत ती हीच.

अभियंता
वजनावरून आठवलं. वजन वाढायच्या बरेच दिवस आधी फुफ्फुसाच्या धमनीतला दाब वाढतो. तो मोजायला पेपरक्लिपएवढा सेन्सर तिथे बसवतात, बॅटरी नाही, उशीवर पडून राहिलं की आकडा डॉक्टरांकडे जातो. २०११ च्या चाचणीची रचना फार सुंदर होती: ५५० रुग्ण, सेन्सर सगळ्यांना बसवला, पण आकडे निम्म्यांचेच डॉक्टरांना दाखवले. आकडे दिसले त्या गटात सहा महिन्यांत भरती होणं २८ टक्क्यांनी कमी. नुसत्या ईसीजीवरून संगणकाने कमी पंपिंग ओळखण्याचं तंत्रही मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये दाखवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो, इको निघत नाही. आपल्याला त्याचा उपयोग अमेरिकेहून जास्त.

गोटीराम
मी पापड-लोणच्याचं विचारू का? बाबांचं मीठ कसं सांभाळता, सांजवात? आमच्या आजोबांनी उशीच्या अभ्र्यात सांडगी मिरची लपवली होती. आजीने वासावरून पकडली.

सांजवात
गोटीराम, वाचून आईसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी! आमच्याकडे भाकरीच्या पिठातलं मीठ बंद, चटणीला लिंबू आणि भाजलेलं जिरं. खारवलेल्या शेंगांवरून मात्र रोज भांडण.

मेघदूत७१
उशिरा लिहितोय, सगळा धागा वाचून. वय ७१, पंपिंग ३२, राहणार चिपळूण. २०१० च्या सुमाराला मी हार्ट फेल्युअरच्या एका ट्रायलमध्ये होतो, तीन वर्षं.

फायदा काय झाला म्हणाल तर दर भेटीला कुणीतरी माझ्याशी अर्धा तास बोलायचं. वजन, बीपी, रक्त, सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालायला लावून अंतर मोजायचं. एरवी ओपीडीत माझ्या वाट्याला चार मिनिटं येत. त्रास म्हणजे प्रवास, सुया, आणि डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजून परत द्यायच्या. एकदा मी चार दिवस गोळी विसरलो होतो आणि लाजेने त्या चार गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या. पुढच्या भेटीला ती पोरगी म्हणाली, "काका, विसरलात तर विसरलो म्हणा, तेही आम्हाला लिहायचं असतं." मी खरं सांगून टाकलं. पुन्हा असं केलं नाही.

सांजवात बेटा, आई काय म्हणते, दादा काय म्हणतो, सगळं आलं तुझ्या धाग्यात. बाबांना विचारलंस का?

कोथिंबीर
मेघदूतकाका, त्या चार गोळ्यांना किती किंमत आहे ते सांगते. अमेरिकी सरकारच्या पैशातून पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर झालेल्या ३,४४५ रुग्णांवर स्पायरोनोलॅक्टोनची चाचणी झाली. २०१४ मध्ये एकूण निकाल आला, फायदा सिद्ध नाही. पण अमेरिका खंडातल्या रुग्णांना फायदा दिसत होता आणि रशिया-जॉर्जियातल्यांना अजिबात नाही. पुढे साठवलेलं रक्त तपासलं. गोळी घेतो म्हणणाऱ्या रशियातल्या ३० टक्के रुग्णांच्या रक्तात औषधाचा मागमूस नव्हता, अमेरिका-कॅनडात हे प्रमाण ३ टक्के. इतक्या वर्षांचं काम, इतका पैसा, आणि त्या औषधाबद्दलची शंका आजही पूर्ण मिटलेली नाही. तुम्ही खरं बोललात म्हणून तुमच्या ट्रायलचा आकडा खरा राहिला. तुमच्यासारख्यांसाठीच मी हे काम सोडत नाही.

खडूस_नाना
मेघदूतांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मेहुण्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, त्यालाही कुणी असं "काका" म्हणून विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझा आक्षेप कागद घाईने सही करून घेण्याला आहे, ट्रायलला नाही. हे स्पष्ट करतो.

सांजवात
काका, नव्हतं विचारलं. वाचलं आणि पोटात कालवलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात हळू आवाजात वाद घालत होतो आणि ज्यांचं हृदय ते बाहेर ओटीवर बसलेले.

काल रात्री विचारलं. सगळा धागा वाचून दाखवला, झडपेच्या टकटकीसकट. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पुण्याला दर वेळी जायचं तर एसटीचं भाडं कोण देणार? शेवटी खरी गोळी होती की खोटी ते कळवणार ना? आणि मी मधेच गेलो तर तोवर लिहिलेलं वाया जाणार का?

तिसऱ्या प्रश्नाला दादा उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, गुरुवारी मीही येतो, ते मराठी माहितीपत्रक मला वाचायचंय.

कोथिंबीर
बाबांना सांग: प्रवासखर्च मिळतो, पावत्या ठेवा. कोणती गोळी होती ते ट्रायल पूर्ण संपल्यावर उघड करतात, आम्हाला कळवा असं आत्ताच नोंदवून ठेवा. आणि लिहिलेलं एक अक्षरही वाया जात नाही, शेवटच्या दिवसापर्यंतची प्रत्येक नोंद हिशोबात धरतात.

गुरुवारी औषधांची सगळी पाकिटं, जुने इको, डिस्चार्जचे कागद घेऊन जा. वजनाच्या नोंदी ते मागतील. पानं फाडून नेऊ नकोस, अख्खं कालनिर्णयच घेऊन जा.

सांजवात
दोन वर्षांची दोन आहेत. बाबांनी गेल्या वर्षीचंही जपून ठेवलंय. दोन्ही पिशवीत भरली.